भिजत घोंगडं : १९८६चं टपाल विधेयक आणि राष्ट्रपतींचं मौन

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये हे प्रकरण एका ओळीत उरकलेलं असतं : 'पॉकेट व्हेटो – ज्ञानी झैलसिंग – टपाल विधेयक, १९८६.' पॉकेट व्हेटो म्हणजे राष्ट्रपतींनी विधेयकावर सहीही न करता आणि ते परतही न पाठवता नुसतं खिशात ठेवून देणं. एक गुण मिळवायला तेवढं पुरतं. पण लोकसभेत चारशेहून अधिक खासदार असलेल्या सरकारने दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलेलं विधेयक एका माणसाने, सभागृहांना एका ओळीचा संदेशही न पाठवता, कसं अडवलं? घटनेने हा अधिकार त्याला दिला होता, की घटनेत राहून गेलेली फट त्याला सापडली होती? हे नीट समजून घ्यायचं तर त्या विधेयकाची फाइल पहिल्यापासून उलगडावी लागते.

पार्श्वभूमी

मूळ कायदा १८९८चा, इंग्रजांचा : भारतीय टपाल कार्यालय अधिनियम. त्याच्या कलम २६ने सरकारला टपालात पडलेलं पाकीट अडवण्याची मुभा दिली होती. 'सार्वजनिक आणीबाणी' उद्भवली असेल, किंवा सार्वजनिक सुरक्षितता वा शांतता यांच्या हितासाठी गरज असेल, तर. पारतंत्र्यातला कायदा तो, त्यामुळे शब्द ऐसपैस होते आणि ते कोणी मोजूनमापून वापरावेत अशी अपेक्षाही नव्हती. १९५०मध्ये घटना आली, अनुच्छेद १९(२)ने अभिव्यक्तीवर कोणत्या कारणांसाठी बंधनं घालता येतील ते ठरवून दिलं. विधी आयोगाने १९६८च्या अडतिसाव्या अहवालात टपालाचा कायदा त्या चौकटीत बसवून घ्या, असं सुचवलं. तारेच्या आणि टेलिफोनच्या बाबतीत तशी दुरुस्ती १९७२मध्ये झालीही. टपाल मात्र मागे राहिलं.

राजीव गांधी सरकारने १९८६मध्ये आणलेल्या दुरुस्ती विधेयकाचं अधिकृत समर्थन हेच होतं. देशाचं सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था अशी घटनेतलीच कारणं कलमात घालतो आहोत, यात नवं काय? कागदावर हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण विरोधक आणि वर्तमानपत्रं विचारत होती की कारणांची यादी वाढवलीत, मग अधिकाऱ्याच्या हातावर लगाम कुठे आहे? कोणाचं पत्र उघडलं, का उघडलं, किती दिवस उघडत राहणार, याचा हिशेब तो कोणाला देणार? ज्या काळात वार्ताहराची बातमी, कार्यकर्त्याचं निवेदन आणि सासरी गेलेल्या मुलीचं आंतरदेशीय पत्र एकाच लाल पेटीत पडत होतं, त्या काळातला हा प्रश्न आहे.

दोन्ही सभागृहांचा शिक्का घेऊन वर्षाच्या अखेरीस विधेयक राष्ट्रपती भवनात पोहोचलं.

तिथे बसलेल्या माणसाकडून कोणाला बंडाची अपेक्षा नव्हती. झैलसिंग पंजाबचे मुख्यमंत्री आणि नंतर देशाचे गृहमंत्री राहिलेले, इंदिरा गांधींचे निष्ठावंत. नेत्याने सांगितलं तर झाडूही मारीन, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य तेव्हाची माणसं अजून सांगतात. ३१ ऑक्टोबर १९८४च्या संध्याकाळी राजीव गांधींना शपथ त्यांनीच दिली. पण पुढच्या दोन वर्षांत दोघांचं फाटलं. परदेश दौऱ्यावरून परतल्यावर पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना भेटून माहिती द्यायची प्रथा बंद पडली. अनुच्छेद ७८ प्रमाणे राष्ट्रपतींना जी माहिती मिळायला हवी ती मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. गृहमंत्री राहिलेल्या माणसाला टपाल कसं उघडलं जातं हे नव्याने शिकवावं लागत नाही. हे कलम प्रत्यक्षात कसं वापरलं जाईल हे त्यांना बहुतेक खासदारांपेक्षा जास्त कळत असणार.

घटना काय म्हणते

अनुच्छेद १११ लहान आहे, पण सावकाश वाचावा असा आहे. विधेयक सादर झाल्यावर राष्ट्रपती 'आपण अनुमती देत असल्याचं किंवा रोखून ठेवत असल्याचं घोषित करतील' असं पहिलं वाक्य म्हणतं. पुढे परंतुक : धन विधेयक नसेल तर ते 'शक्य तितक्या लवकर' संदेशासह परत पाठवता येईल, आणि सभागृहांनी ते दुरुस्तीसह वा दुरुस्तीविना पुन्हा मंजूर केलं, तर राष्ट्रपती अनुमती रोखून ठेवणार नाहीत. म्हणजे लिहिलेले मार्ग तीन आहेत. काहीच न बोलणं हा चौथा मार्ग अनुच्छेदात कुठेही नाही. पण 'घोषित करतील' याला मुदतही नाही, आणि चौथा मार्ग तिथेच तयार होतो.

ही मुदत सुरुवातीपासून नव्हती असंही नाही. मसुद्यात परत पाठवण्यासाठी सहा आठवड्यांची मर्यादा होती. मे १९४९मध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ती काढून 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले ह. वि. कामत उठले आणि हे शब्द फार सैल आहेत, यातून टोलवाटोलवी होईल, असं बजावून बसले. दुरुस्ती मंजूर झाली. कामत दर दुसऱ्या कलमावर उठत, त्यामुळे त्यांच्या शंका सभागृहाला सवयीच्या झाल्या होत्या. ही शंका मात्र सदतीस वर्षांनी खरी ठरली.

'पॉकेट व्हेटो' हा शब्द आपण अमेरिकेकडून घेतला, पण तिथल्या खिशाला घड्याळ आहे. रविवार सोडून दहा दिवसांत अध्यक्षांनी सही केली नाही तर विधेयक आपोआप कायदा होतं. काँग्रेसचं अधिवेशन संपल्यामुळे ते परत पाठवणं अशक्य झालं असेल तरच बारगळतं. आपल्याकडे घड्याळही नाही आणि आपोआपही काही होत नाही. मराठीत याला भिजत घोंगडं म्हणणं जास्त नेमकं.

या पटावर आणखी दोन सोंगट्या होत्या. १९७१च्या चोविसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्ती विधेयकाला अनुमती देणं राष्ट्रपतींवर बंधनकारक केलं. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसार वागणं सक्तीचं केलं, आणि १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची सोय दिली. राष्ट्रपतींना बांधायला संसद तीनदा बसली, पण अनुच्छेद १११ला कोणी हात लावला नाही.

पेच

झैलसिंगांपुढचा पेच साधा दिसतो, तसा तो नव्हता. त्याच १९८६मध्ये, मे महिन्यात, चौकशी आयोगाचा अहवाल संसदेपुढे न ठेवण्याची मुभा सरकारला देणारा अध्यादेश त्यांच्याच सहीने निघाला होता. शाहबानो निकालानंतरच्या मुस्लिम महिला विधेयकावरही त्यांनी सही केली होती. दोन्ही वेळा देशात गदारोळ झाला होता. त्या सह्या करणारा हात टपालापाशी का थांबला?

तत्त्व म्हणा की राग, असा दोनांतला एक पर्याय निवडायला लोकांना आवडतं. मला दोन्ही खरं वाटतं. पत्राच्या खाजगीपणाची चाड खरी असू शकते आणि पंतप्रधानांवरचा रागही खरा असू शकतो. घटनेला हेतूशी देणंघेणं नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता की निवडून आलेल्या सरकारची इच्छा स्पष्ट असताना राष्ट्रपतींच्या हातात नेमकं काय उरतं.

समोरचे मार्ग

सही करणं हा सरळ मार्ग. शमशेर सिंग खटल्यात १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच होतं की आपला राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख आहे, तो मंत्र्यांच्या सल्ल्याने चालतो. सही केली असती तर कोणीही बोट दाखवलं नसतं. दाखवलं असतं ते सरकारकडे.

उघडपणे अनुमती रोखणं कागदावर शक्य होतं. राजेंद्रप्रसादांच्या काळात १९५४मध्ये पेप्सूच्या (पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांच्या तेव्हाच्या राज्याच्या) विनियोजन विधेयकाबाबत तसं झालंही होतं. पण ते विधेयक निरर्थक झालं होतं आणि सरकारलाही ते नको होतं. सरकारला हवं असलेलं विधेयक राष्ट्रपतींनी स्वतःच्या मर्जीने ठार करणं म्हणजे थेट घटनात्मक लढाई. तिथे मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वागायला लावणारा अनुच्छेद ७४ सरकारच्या बाजूने उभा राहिला असता.

अनुच्छेद १४३खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवावं, असं नंतर बऱ्याच जणांनी सुचवलं. हे सुचवणारे विसरतात की तो संदर्भही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच पाठवला जातो. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच सहीने अर्ज करायचा. झैलसिंगांना हे दार बंदच होतं.

राजीनामा देता आला असता. मग नव्या राष्ट्रपतीने पहिल्याच आठवड्यात सही केली असती.

उरले दोन : संदेशासह परत पाठवणं, किंवा काहीच न करणं. पहिला अधिकार निर्विवाद होता, घटनेच्या अक्षरात होता. पण त्याचा शेवट त्यांना दिसत होता. प्रचंड बहुमताच्या सरकारने विधेयक जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं असतं, तेही कदाचित एका आठवड्यात. आणि मग सही करणं बंधनकारक. विरोध नोंदवला जाईल, पण कायदा होईल. दुसऱ्या मार्गाने कायदा होणार नाही, पण विरोधाची नोंदही राहणार नाही. लिखित घटनेने राष्ट्रपतींसमोर ठेवलेली ही अदलाबदल मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत विचित्र भाग वाटते : जो अधिकार लिहून दिला तो दुबळा, आणि जो लिहायचा राहिला तो बलवान.

घडलं काय

विधेयक पडून राहिलं. पहिले काही आठवडे त्यात वावगं काही नव्हतं. कुठल्याही विधेयकाचा अभ्यास करायला तेवढा वेळ लागतो. माझ्या मते निर्णयाची खरी वेळ हीच होती. जानेवारी-फेब्रुवारी १९८७पर्यंत संदेश पाठवला असता तर तो एका कायद्यावरचा आक्षेप म्हणून वाचला गेला असता.

मार्चमध्ये चित्र पालटलं. पंतप्रधान आपल्याला माहिती देत नाहीत, हे सांगणारं झैलसिंगांचं राजीव गांधींना लिहिलेलं पत्र १३ मार्चच्या 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये छापून आलं आणि दिल्लीत आग लागली. टपाल उघडण्याच्या विधेयकावरून अडलेल्या राष्ट्रपतींचंच पत्र सगळ्या देशाने उघडून वाचावं, हा योगायोग त्या वेळी कोणाच्या नजरेतून सुटला नसणार. यानंतर विधेयक परत पाठवणं म्हणजे युद्धाची घोषणा ठरली असती. मौन आता सोयीचं राहिलं नव्हतं, सक्तीचं झालं होतं.

एप्रिलच्या मध्यावर स्वीडिश रेडिओने बोफोर्सची बातमी दिली. चर्चा टपालावरून उडून थेट अनुच्छेद ७५(२)वर गेली. मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतात, मग राष्ट्रपती पंतप्रधानांना बडतर्फ करू शकतात का? राजधानीत वकिलांची आणि राजकारण्यांची रीघ लागली होती म्हणतात. झैलसिंगांनी ते पाऊल उचललं नाही. लोकसभेत बहुमत असलेल्या पंतप्रधानाला काढणं हा घटनेच्या अक्षराचा आधार घेऊन तिच्या प्राणावर घाव घालण्यातला प्रकार झाला असता. म्हणजे या माणसाला आपल्या अधिकाराची सीमा कळत होती. एका बाजूला देशाला हादरवणारा अधिकार होता, तो त्यांनी वापरला नाही. दुसऱ्या बाजूला कोणाला न दिसणारा अधिकार होता, तो पुरेपूर वापरला.

२५ जुलै १९८७ला मुदत संपली. ते राष्ट्रपती भवनातून बाहेर पडले, विधेयक आतच राहिलं.

परिणाम

नोट्समधली ओळ इथे थांबते. मला मात्र गोष्ट इथून जास्त रंजक वाटते, कारण झैलसिंगांनी हे विधेयक जेमतेम सात-आठ महिने अडवलं. त्यापुढची अडीच वर्षं ते त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्याकडे होतं. वेंकटरामन हे काँग्रेसचेच उमेदवार, राजीव गांधींशी त्यांचं कसलंही भांडण नव्हतं. तरीही १९८९च्या निवडणुकीपर्यंत सही झाली नाही. सत्तापालट झाल्यावर त्यांनी ते फेरविचारासाठी परत पाठवलं. व्ही. पी. सिंग सरकारला त्यात रस नव्हता. २००२मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात ते रीतसर मागे घेतलं गेलं.

मग अडीच वर्षं अडवलं कोणी? सरकारने जोर लावला असता, लेखी सल्ला पाठवून सही मागितली असती, तर वेंकटरामन यांच्यासारखा घटनेचा काटेकोर माणूस किती दिवस गप्प बसला असता? माझा अंदाज असा की बोफोर्सनंतर सरकारलाच हे घोंगडं भिजत पडलेलं बरं वाटत होतं. १९८८मध्ये बदनामीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर करूनही वर्तमानपत्रांच्या संतापापुढे मागे घ्यावं लागलं, त्यानंतर तर टपाल उघडण्याचा विषय काढायची हिंमत कोण करणार? हा अंदाज बरोबर असेल, तर खिशातल्या नकाराधिकाराची ताकद जेवढी राष्ट्रपतींच्या गप्प बसण्यात होती, तेवढीच सरकारच्या न विचारण्यातही होती. जोवर सरकार विचारत नाही, तोवरच तो चालतो.

वेगळं काय करता आलं असतं

तुलनेसाठी २००६ पाहावं. लाभाच्या पदांबाबतचं विधेयक राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मेअखेरीस संदेशासह परत पाठवलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं. ऑगस्टमध्ये कलामांनी सही केली. वरवर पाहता हरले. पण त्यांचे मुद्दे कागदावर आले, सभागृहाला त्यांच्यावर बोलावं लागलं, आणि लाभाचं पद कशाला म्हणायचं हे तपासायला संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली. झैलसिंगांना यातलं सगळं करता आलं असतं. फक्त त्याची किंमत कायदा होण्यात चुकवावी लागली असती, आणि १९८७च्या जानेवारीत त्या किमतीचा अंदाज बांधताना पुढे बोफोर्स येणार आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. मधला एक मार्ग मात्र होता : सल्ल्याच्या फेरविचाराची चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीतली सोय वापरून, पत्र उघडणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणता अंकुश असेल एवढा एकच प्रश्न सरकारला लेखी विचारायचा. त्या प्रश्नाला उत्तर देणं सरकारला जड गेलं असतं, आणि प्रश्नही नोंदीत राहिला असता.

मुदतीचा वाद अलीकडे पुन्हा पेटला. ८ एप्रिल २०२५ला तामिळनाडूच्या राज्यपालांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी, राज्यपालांनी राखून ठेवलेल्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा असं म्हटलं. मे महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या नावे चौदा प्रश्नांचा संदर्भ न्यायालयाकडे गेला. अर्थातच मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. झैलसिंगांना बंद असलेलं दार सरकारसाठी सताड उघडं होतं. २० नोव्हेंबरला अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पाच जणांच्या पीठाने मत दिलं : न्यायालय मुदत घालून देऊ शकत नाही, मुदत उलटली म्हणून अनुमती मिळाली असं मानताही येत नाही. राज्यपालांचं दीर्घ, कारण न देता केलेलं दुर्लक्ष असेल तर 'निर्णय घ्या' एवढंच न्यायालय सांगू शकतं. कामतांनी बोट ठेवलेले शब्द म्हणजे आजही तसेच सैल आहेत.

आणि टपालाचं काय? १८९८चा कायदा अखेर गेला. त्या जागी टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ आला. डिसेंबरमध्ये संसदेने तो मंजूर केला, महिना संपायच्या आत राष्ट्रपतींची सही झाली, १८ जून २०२४पासून तो लागू आहे. त्याच्या कलम ९नुसार राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, एवढंच काय, कोणत्याही कायद्याचा भंग या कारणासाठीही केंद्राने नेमलेला अधिकारी टपालातली वस्तू अडवू शकतो, उघडू शकतो. त्यावर कोणती देखरेख असेल, याबद्दल कलम गप्प आहे. मधल्या काळात, २०१७मध्ये, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांनी सांगितलं होतं.

या विधेयकाला विरोध करणाऱ्या खासदाराला १९८६ची आठवण काढता आली असती. पण राष्ट्रपतींचा आक्षेप नेमका कशाला होता हे सभागृहात वाचून दाखवायचं म्हटलं असतं, तर झैलसिंगांचा एकही संदेश कार्यवृत्तात सापडला नसता.